खाजगी रुग्णालयांचे नियमन, महाराष्ट्रातील

खाजगी रुग्णालये, शुश्रूषागृहे, चिकित्सालये व तपासणी-प्रयोगशाळा ह्यांची नोंदणी, त्यांतील किमान सोयी, सेवांचे दर आणि रुग्णांचे हक्क ह्यांविषयी शासनाने कायद्याने घालून दिलेल्या व्यवस्थेस रुग्णालय-नियमन म्हणतात. महाराष्ट्रात ह्या विषयाचा मूळ कायदा १९४९ चा आहे; तो सर्व राज्यास लागू करणारी सुधारणा २००५ मध्ये झाली आणि रुग्णहक्कांचा स्पष्ट समावेश असलेले नियम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कायदा संमत होणे, त्याखालील नियम तयार होणे व नियमांची प्रत्यक्ष अंमलबजावणी होणे ह्या तीन अवस्थांमध्ये पडलेले हे दीर्घ अंतर ह्या विषयाच्या इतिहासाचे मुख्य लक्षण होय. लोकांमधील असंतोषाचे मूळही पुष्कळ अंशी ह्या अंतरातच सापडते. विधिमंडळातील चर्चा उघड असते, परंतु नियमांचे मसुदे बंद दाराआड तयार होतात. तेथे संघटित व्यवसाय व भांडवलदार कंपन्या ह्यांचा आवाज पोहोचतो, रुग्णाचा पोहोचत नाही, अशी ही तक्रार आहे.

नियमनाची गरज : इतर वस्तू वा सेवा विकत घेताना ग्राहकाला निवड करता येते, भाव विचारता येतो व प्रसंगी खरेदी पुढे ढकलता येते. वैद्यकीय सेवेत ह्यांपैकी काहीही बहुधा शक्य नसते. कोणती तपासणी आवश्यक, शस्त्रक्रिया टाळता येईल की नाही, रुग्णास अतिदक्षता विभागात किती दिवस ठेवावे, हे ठरविण्याचे ज्ञान सेवा विकणाऱ्याकडेच असते. शिवाय रुग्ण व त्याचे नातेवाईक भयग्रस्त असतात. त्यामुळे केवळ बाजारातील स्पर्धेने दर व दर्जा ह्यांचे नियंत्रण होत नाही, असे आरोग्य-अर्थशास्त्रात सामान्यतः मानले जाते.

भारतात उपचारांच्या खर्चाचा मोठा भाग कुटुंबांना स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य-खर्चातील हा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता व २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्के झाला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पंचाहत्तराव्या फेरीत (२०१७-१८) बाळंतपणे वगळता रुग्णालयात दाखल झाल्यावर होणारा सरासरी खर्च शासकीय रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये आढळला. कोरडवाहू शेतकरी व शेतमजूर ह्यांच्या कुटुंबांत एवढी रक्कम बहुधा कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून किंवा जनावरे विकून उभी करावी लागते.

१९४९ चा कायदा : स्वातंत्र्यपूर्व काळात भोर समितीने (१९४६) शासनाने उभारलेली व पैशाअभावी कोणासही वंचित न ठेवणारी आरोग्य-व्यवस्था सुचविली होती. तीत खाजगी सेवेला दुय्यम स्थान होते. प्रत्यक्षात प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे उभे राहिले, तरी रुग्णालयीन सेवेचा मोठा भाग हळूहळू खाजगी क्षेत्राकडे गेला. ह्या क्षेत्रासाठी मुंबई राज्याने १९४९ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी कायदा केला. शुश्रूषागृहाची नोंदणी, तेथे पात्र डॉक्टर व परिचारिका असणे आणि स्थानिक प्राधिकाऱ्याने तपासणी करणे, एवढीच त्याची व्याप्ती होती. दर किंवा रुग्णांचे हक्क ह्यांचा त्यात विचार नव्हता. दीर्घ काळ हा कायदा मुंबईसह काही मोठ्या शहरांपुरताच लागू होता. ग्रामीण महाराष्ट्रात दुकान उघडण्यास परवाना लागे, पण रुग्णालय काढण्यास ह्या कायद्याखाली नोंदणी लागत नसे.

शहरांतही अंमलबजावणी नाममात्र होती. १९९० नंतरच्या काही वर्षांत मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात ही उणीव उघड झाली व न्यायालयाच्या आदेशाने खाजगी रुग्णालयांच्या पाहणीसाठी समिती नेमण्यात आली. ‘सेहत’ ह्या मुंबईतील संशोधन-संस्थेचे सुनील नांदराज व रवी दुग्गल ह्यांनी ह्याच दशकात खाजगी रुग्णालयांतील भौतिक सोयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. किमान मानकांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला तो अशा अभ्यासांमुळे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला. मात्र ग्राहक न्यायालयाचा उपाय हानी झाल्यानंतरचा आहे. हानी होऊ नये ह्यासाठी आगाऊ नियमनाची आवश्यकता त्याने संपत नाही.

नियमांविना कायदा (२००५–२१) : २००५ मधील सुधारणेने हा कायदा संपूर्ण राज्यास लागू झाला. किमान मानके व रुग्णांचे हक्क मात्र नियमांद्वारे ठरवावयाचे होते. आरोग्य-चळवळीतील संस्थांच्या सहभागाने अशा नियमांचा मसुदा २००६ च्या सुमारास तयारही झाला. परंतु तो अंतिम स्वरूपात प्रसिद्ध झाला नाही. जन आरोग्य अभियान ह्या संघटनांच्या जाळ्याने त्यासाठी निवेदने, धरणी व जनसुनावण्या ह्या मार्गांनी सातत्याने पाठपुरावा केला.

ह्याच काळात दुसरा एक कायदा तुलनेने लवकर झाला. डॉक्टरांवरील व रुग्णालयांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा कायदा राज्याने २०१० मध्ये संमत केला. असे हल्ले गंभीर होते व त्यांस आळा घालणे आवश्यकच होते. तथापि हल्ल्यामागील एक कारण, म्हणजे बिले व उपचार ह्यांविषयीची तक्रार ऐकून घेणारी विश्वासार्ह यंत्रणा नसणे, हे त्या वेळी दूर झाले नाही. डॉक्टरांच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण रुग्णाच्या संरक्षणाचे नियम रखडले, ही तुलना त्यानंतरच्या चर्चांत वारंवार केली गेली.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. अखेर जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम प्रसिद्ध झाले. त्यांनुसार रुग्णहक्कांची सनद व प्रमुख सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना बंधनकारक झाले आणि स्थानिक प्राधिकाऱ्याने तक्रार निवारणाची व्यवस्था करावी, असे ठरले. दर किती असावेत हे मात्र नियमांनी ठरविले नाही. ते जाहीर असावेत, एवढेच सांगितले.

केंद्रीय कायदा व राज्याची भूमिका : आरोग्य हा राज्यांच्या सूचीतील विषय आहे. त्यामुळे संसदेने २०१० मध्ये केलेला वैद्यकीय आस्थापना (नोंदणी व विनियमन) कायदा संविधानाच्या अनुच्छेद २५२ खाली प्रथम अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, मिझोराम व सिक्कीम ह्या चार राज्यांसाठी झाला. इतर राज्यांनी तो ठरावाने स्वीकारावा, अशी योजना होती. तो १ मार्च २०१२ पासून अमलात आला. दवाखान्यापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत सर्व आस्थापना त्याच्या कक्षेत येतात, तातडीच्या रुग्णाची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक ठरते आणि केंद्र शासनाने राज्यांशी विचारविनिमय करून ठरविलेल्या मर्यादेत दर आकारण्याची तरतूद त्याखालील नियमांत आहे. ह्या शेवटच्या तरतुदीची अंमलबजावणी न झाल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाकडे विचारणा केली.

महाराष्ट्राने हा कायदा स्वीकारण्याऐवजी स्वतःचा कायदा करण्याचे ठरविले. डॉक्टरांच्या संघटना व आरोग्य-चळवळीतील संस्था ह्यांचे प्रतिनिधी असलेल्या समितीने २०१४ मध्ये मसुदाही तयार केला, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. रुग्ण पाठविण्याबद्दल डॉक्टरांना दिल्या जाणाऱ्या दलालीची, म्हणजे ‘कट प्रॅक्टिस’ची, गतही अशीच झाली. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी अशा प्रकारे आलेला १,२०० रुपयांचा धनादेश २०१३ मध्ये उघडकीस आणून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. पुढे २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रतिबंधक कायद्याचा मसुदा सादर केला. तोही मसुद्याच्या अवस्थेतच राहिला.

हितसंबंधांचा प्रभाव : शासनाच्या निर्णयांवर खाजगी हितसंबंधांचा प्रभाव अनेक मार्गांनी पडतो. पहिला मार्ग व्यावसायिक संघटनांचा आहे. भारतीय वैद्यक संघटनेसारख्या संघटनांच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत असतात आणि काम बंद ठेवण्याचे प्रभावी साधन त्यांच्या हाती असते. कर्नाटकात खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात कडक सुधारणा सुचविल्या गेल्या, तेव्हा नोव्हेंबर २०१७ मध्ये डॉक्टरांनी संप केला व विधेयक सौम्य झाले. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्यहक्क कायदा संमत केल्यावरही खाजगी डॉक्टरांचा दीर्घ संप झाला. एप्रिलमधील तडजोडीनुसार शासनाकडून जमीन वा सवलत न घेतलेल्या खाजगी रुग्णालयांपैकी बहुतेकांस सूट देण्याचे ठरले. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने औषधे मूळ नावाने लिहून देणे बंधनकारक करणारे व औषधकंपन्यांच्या मेळाव्यांतील सहभागास मर्यादा घालणारे आचारनियम प्रसिद्ध केले आणि विरोधानंतर त्याच महिन्यात स्थगित केले.

दुसरा मार्ग भांडवलाचा होय. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणात रुग्णालय हे गुंतवणुकीचे क्षेत्र ठरले व २००० पासून त्यात १०० टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलास मुभा मिळाली. कंपनीच्या मालकीच्या रुग्णालयात व्यवस्थापनाचे उत्तरदायित्व प्रथमतः भागधारकांकडे असते. त्यामुळे डॉक्टरांना तपासण्या व शस्त्रक्रिया ह्यांची उद्दिष्टे ठरवून दिली जातात, असा आक्षेप स्वतः डॉक्टरांनीच नोंदविला आहे. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेसाठी डॉ. अरुण गद्रे ह्यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशी कथने आढळतात. म्हणून ह्या प्रश्नाकडे डॉक्टर विरुद्ध रुग्ण असा झगडा म्हणून पाहणे अपुरे ठरते.

तिसरा मार्ग राजकीय देणग्यांचा. पूर्वी कंपनीस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय पक्षांस देणगी देता येई. २०१७ मध्ये ही मर्यादा काढून टाकण्यात आली आणि २०१८ मध्ये देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारी निवडणूक रोख्यांची योजना सुरू झाली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरविली. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या याद्यांमध्ये रोखे घेणाऱ्यांत औषधनिर्मिती व रुग्णालय क्षेत्रांतील अनेक कंपन्या आढळल्या. देणगी दिली एवढ्यावरून अमुक एक निर्णय तिच्यामुळेच झाला, असे सिद्ध होत नाही. परंतु नियमन करणारे शासन चालविणारे पक्ष व ज्यांचे नियमन करावयाचे त्या कंपन्या ह्यांच्यातील आर्थिक संबंध जनतेपासून लपलेले होते, ही गोष्ट स्वतःच विश्वासास बाधक ठरली.

नियमनविरोधी युक्तिवाद : नियमनास होणारा सर्वच विरोध स्वार्थमूलक असतो असे नाही. तालुक्याच्या गावी दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय चालविणारे डॉक्टर दांपत्य आणि महानगरातील शेकडो खाटांचे कंपनी-रुग्णालय ह्यांना एकच मापदंड लावल्यास पहिले बंद पडण्याचा धोका असतो. प्रशिक्षित परिचारिका ग्रामीण भागात मिळत नाहीत, अग्निशमन व इमारतविषयक अटींचा खर्च लहान रुग्णालयास पेलत नाही आणि तपासणीस येणारे अधिकारी लाचेची अपेक्षा करतात, असे आक्षेप घेतले जातात. येथे एक विसंगती लक्षणीय आहे. इमारत व यंत्रसामग्री ह्यांविषयीच्या कडक अटी मोठ्या कंपन्यांना सहज पाळता येतात. त्यांचा खरा विरोध दरनियंत्रणास असतो. उलट लहान रुग्णालयांचे दर मुळातच कमी असल्याने त्यांना दरपत्रकापेक्षा भौतिक अटींचे भय अधिक वाटते. केवळ भौतिक अटी कडक व दर मोकळे, असा कायदा झाल्यास रुग्णसेवा मोठ्या कंपन्यांच्या हाती एकवटण्यास अप्रत्यक्ष साहाय्यच होते. रुग्णालयाच्या आकारमानानुसार वेगवेगळी मानके ठेवावीत व स्थानिक मंडळांत डॉक्टर, शासन व रुग्ण ह्या तिघांचे प्रतिनिधी असावेत, ही आरोग्य-चळवळीची सूचना ह्याच विचारातून आलेली आहे.

धर्मादाय रुग्णालये : सार्वजनिक विश्वस्त-संस्थांची रुग्णालये करसवलती व इतर सवलती घेतात. त्यांच्याबाबत १९५० च्या विश्वस्तव्यवस्था कायद्यातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना लागू आहे. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांस विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांस सवलतीने द्यावयाच्या असतात. ह्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. तातडीच्या रुग्णाकडून दाखल करतेवेळी अनामत रक्कम मागता येत नाही. असे असूनही खाटा शिल्लक असल्याची माहिती न मिळणे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अडवणूक होणे व अनामत रक्कम मागितली जाणे ह्या तक्रारी कायम राहिल्या आहेत. खेड्यातून आलेल्या कुटुंबास अशी योजना आहे हेच बहुधा बिल भरून झाल्यावर कळते.

महासाथीचा काळ : कोविड-१९ च्या महासाथीत वर्षानुवर्षे अशक्य मानले गेलेले दरनियंत्रण काही दिवसांत अमलात आले. साथरोग कायदा (१८९७), आपत्ती व्यवस्थापन कायदा (२००५) व शुश्रूषागृह कायदा ह्यांचा आधार घेऊन राज्य शासनाने २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. सर्वसाधारण विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० रुपये व कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये अशी मर्यादा होती. १ जून २०२१ च्या अधिसूचनेने शहरे व प्रदेश ह्यांचे तीन वर्ग करून लहान शहरे व ग्रामीण भाग ह्यांसाठी हे दर अनुक्रमे २,४००, ४,५०० व ५,४०० रुपये करण्यात आले. बिलांच्या तपासणीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत लेखापरीक्षक नेमले गेले.

ह्या उपायांच्या मर्यादाही स्पष्ट झाल्या. औषधे, काही तपासण्या, संरक्षक पोशाख इ. बाबी दरांत अंतर्भूत नसल्याने बिले फुगविण्यास वाव राहिला. उर्वरित २० टक्के खाटांवरील व कोविडखेरीज इतर रुग्णांचे दर ठरविण्याचा शासनाचा अधिकार नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये अमान्य केला. म्हणजे आपत्तीपुरते दर बांधता येतात, परंतु नेहमीच्या काळासाठी स्वतंत्र कायदा हवा, हे ह्या निर्णयाने अधोरेखित झाले. महासाथ ओसरल्यावर ही अधिसूचनांची व्यवस्थाही संपली.

पारनेर तालुका : खाजगी सेवेच्या नियमनाचा प्रश्न तालुक्याच्या पातळीवर कसा उभा राहतो, हे पारनेरच्या (जि. अहिल्यानगर, २०२४ पर्यंत अहमदनगर) उदाहरणावरून समजते. डोंगराळ, अवर्षणप्रवण व मोठ्या प्रमाणावर कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या ह्या तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे पावणेतीन लाख होती. शासकीय निकषांनुसार मैदानी भागात ३०,००० व डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र व सुमारे १,२०,००० लोकसंख्येस ३० खाटांचे एक ग्रामीण रुग्णालय अपेक्षित असते. ग्रामीण रुग्णालयाच्या क्षमतेपलीकडील रुग्णास जिल्ह्याच्या किंवा पुण्याच्या रुग्णालयाकडे न्यावे लागते. खाजगी सेवेशी, तिच्या दरांशी व अनामत रकमेशी कुटुंबाची गाठ पडते ती बहुधा ह्याच टप्प्यावर.

शासकीय सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत विनामूल्य करण्यात आली. परंतु विनामूल्य सेवा व भरवशाची सेवा ह्यांत फरक आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागास लागलेल्या आगीत त्या दिवशी ११ रुग्णांचा मृत्यू झाला. अशा घटनांनी शासकीय सेवेवरील विश्वास ढळतो आणि रुग्ण अनियंत्रित खाजगी सेवेकडे ढकलला जातो. म्हणून खाजगी रुग्णालयांचे नियमन व शासकीय रुग्णालयांची सुधारणा हे प्रश्न परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत तालुक्यातील भाळवणी येथे तत्कालीन आमदार नीलेश लंके ह्यांच्या पुढाकाराने सुमारे १,१०० खाटांचे विनामूल्य उपचारकेंद्र चालविण्यात आले व त्यास लोकांनी मोठ्या प्रमाणावर देणग्या दिल्या. बिलाच्या भीतीने घरीच थांबणाऱ्या अनेकांना त्याचा आधार झाला. मात्र असे केंद्र व्यक्तीच्या पुढाकारावर व लोकांच्या दातृत्वावर उभे असते. संकट सरल्यावर ते बंद होते. ह्याच जिल्ह्यातील अकोले येथील हेरंब कुलकर्णी ह्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या करोना एकल महिला पुनर्वसन समितीने वेगळ्या दिशेने काम केले. महासाथीत पती गमावलेल्या स्त्रियांचे पुनर्वसन व त्यांच्या कुटुंबांकडून घेतलेल्या जादा बिलांचे प्रश्न तिने शासनापुढे मांडले.

ह्या तालुक्याचा आणखी एक संबंध कायद्याच्या साधनांशी आहे. राळेगणसिद्धी येथील अण्णा हजारे ह्यांनी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर केलेल्या उपोषणाच्या वेळी राज्याचा माहितीचा अधिकार कायदा अमलात आला. पुढे २००५ मध्ये केंद्रीय कायदा झाला. खाजगी रुग्णालय स्वतः ह्या कायद्याखाली येत नाही. परंतु दुसऱ्या एखाद्या कायद्यान्वये शासकीय प्राधिकाऱ्यास खाजगी संस्थेची जी माहिती मिळविता येते, तीही ‘माहिती’च्या व्याख्येत येते. त्यामुळे अमुक रुग्णालयाची नोंदणी आहे काय, शेवटची तपासणी केव्हा झाली, दरपत्रक लावले आहे काय, हे कोणीही नागरिक जिल्हा पातळीवरील आरोग्य प्राधिकाऱ्यास विचारू शकतो. पारनेरमधील आंदोलनांतून आकारास आलेले हे साधन रुग्णहक्कांच्या कामी यावे, ह्यास औचित्य आहे. मात्र एप्रिल २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या लोकपाल आंदोलनाचा अनुभवही येथे लक्षात घ्यावा लागतो. त्या आंदोलनानंतर लोकपाल व लोकायुक्त कायदा १६ जानेवारी २०१४ पासून अमलात आला, पण पहिल्या लोकपालाची नियुक्ती मार्च २०१९ मध्ये झाली आणि तत्पूर्वी हजारे ह्यांना राळेगणसिद्धी येथे पुन्हा उपोषण करावे लागले. संमत झालेला कायदा आपोआप कामास लागत नाही, हा अनुभव दोन्ही क्षेत्रांत सारखाच आहे.

तुलना : अशी कोंडी भारतापुरती मर्यादित नाही. ब्रिटनमध्ये १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करताना तेथील वैद्यक संघटनेने तीव्र विरोध केला होता. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात जुलै १९६२ मध्ये सार्वजनिक आरोग्यविम्याविरुद्ध डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. दोन्ही ठिकाणी शासनाने काही सवलती दिल्या, परंतु मूळ तत्त्व सोडले नाही. पुढे ह्या योजना लोकांना व डॉक्टरांनाही मान्य झाल्या. उलट अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मार्च २०१० मध्ये झालेल्या आरोग्यविमा सुधारणा कायद्यातून शासकीय विम्याचा पर्याय सिनेटमधील चर्चेतच वगळला गेला. विमा व औषध कंपन्यांच्या दबावाची तेथील चर्चा त्यानंतरही थांबलेली नाही. ह्या उदाहरणांत निर्णायक फरक हा, की शासन स्वतः मोठ्या प्रमाणावर सेवा देते किंवा तिचा खर्च उचलते, तेथे दर ठरविण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे राहते.

महाराष्ट्रात विमा योजनेने हे सामर्थ्य काही अंशी मिळविले आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. ती २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचे नाव देण्यात आले. तीत ठरावीक शस्त्रक्रिया व उपचार ह्यांचे दर शासन ठरविते. २०२३ मधील निर्णयाने ती सर्व कुटुंबांसाठी खुली करून संरक्षणाची मर्यादा पाच लाख रुपये करण्यात आली. तथापि योजनेत न बसणारे आजार व तीत सहभागी नसलेली रुग्णालये ह्यांना हे दर लागू होत नाहीत. विम्यामुळे काही रुग्णांचे बिल भरले जाते. रुग्णालयाचे नियमन त्याने होत नाही.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील अनुभवावरून असे दिसते, की ह्या क्षेत्रात कायद्यांची व मसुद्यांची वाण नाही. १९४९ चा कायदा, २००६ चे नियम-मसुदे, २०१४ व २०१७ ची प्रस्तावित विधेयके आणि २०२१ चे नियम ही परंपरा बरीच समृद्ध आहे. वाण आहे ती कायद्यास मुदत व जबाबदारी जोडण्याची. नियम किती महिन्यांत करावयाचे, मसुद्यावर कोणाकोणाचे म्हणणे घेतले, तपासणी कोणी व केव्हा करावयाची आणि ती न झाल्यास उत्तर कोणी द्यावयाचे, हे कायद्यातच नमूद नसेल, तर कायदा संमत होण्याच्या क्षणी त्याचा प्रभाव संपतो व हितसंबंधांचा सुरू होतो. शासकीय रुग्णालये चालविणारी आरोग्य-यंत्रणाच बहुधा खाजगी रुग्णालयांची तपासनीस असल्याने मनुष्यबळाअभावी दोन्ही कामे मागे पडतात. स्वतंत्र तपासणी-यंत्रणेची मागणी त्यामुळेच पुढे आली आहे.

दरपत्रक भिंतीवर लागले, म्हणजे ते वाचून रुग्णालय बदलण्याची मोकळीक रुग्णास मिळते, असे नाही. रात्री दूरच्या खेड्यातून रुग्णवाहिकेने आलेल्या कुटुंबास दुसरे दार बहुधा नसते. तरी जाहीर दर, लेखी बिल, उपचारांच्या नोंदींची प्रत व तक्रारीस ठरावीक मुदतीत उत्तर ह्या चार गोष्टी मिळाल्यास संशयाची जागा हिशेब घेऊ शकतो. रुग्ण व डॉक्टर ह्यांच्यातील विश्वास टिकण्यासाठी तो हिशेब दोघांच्याही हिताचा आहे.